आतला हात

शिव्या खायची नोकरी म्हणतात ती ताईला मिळाली होती. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार कक्षात ती फोन घ्यायची. नळ कोरडा पडला की माणसाला आधी कुणाच्या तरी नावाने बोटं मोडायची असतात, आणि त्या वेळी फोनच्या या टोकाला ताई असायची. कुणी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचं, कुणी तिच्या साहेबांच्या. ती सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी इतक्या थंडपणे "नोंद घेतली आहे" म्हणायची की समोरचा माणूस स्वतःच ओशाळायचा. ऑफिसात तिला सगळेच ताई म्हणत. तिच्याहून कितीतरी मोठे असलेले साहेबसुद्धा ताईच म्हणत, आणि तिला त्याचं हसू येई.

ताईला जन्मापासून दिसत नव्हतं, आणि ती पळायची. हे दोन्ही एका दमात सांगितलं की ऐकणारे एक तर हळहळतात नाहीतर कौतुकाने मान डोलावतात, आणि ताईला दोन्हींचा सारखाच तिटकारा होता. दीड हजार मीटरची शर्यत ती पळायची, चांगली पळायची, आणि हरली की दोन दिवस कुणाशी धड बोलायची नाही. तिच्याबद्दल एवढं कळलं तरी पुरे.

तिच्या पळण्याला दुसरं माणूस लागायचं. ते माणूस म्हणजे तिचा पाठचा भाऊ. त्याचं लग्न झालं, डोक्यावरचे केस विरळ झाले, तरी घरीदारी तो धाकटाच राहिला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. शाळकरी वयापासून तो ताईचा गाइड होता. दोघांच्या मध्ये बुटाच्या जाड नाडीची हातभरसुद्धा नसलेली दोरी, तिच्या दोन्ही टोकांना बोटं अडकतील एवढ्या गाठी. ताईचा डावा हात आणि धाकट्याचा उजवा, हे दोघांचे आतले हात. ते बरोबर पुढे जायला हवेत आणि बरोबर मागे यायला हवेत. हात पुढे गेले की त्याच बाजूचे पाय मागे. गाइडने ओढायचं नाही, ढकलायचं नाही, आणि शेवटची रेषाही आधी तिने ओलांडायची, असा नियमच आहे. बघणाऱ्याला वाटतं, दोरी तिला नेते आहे. दोरी कुणाला नेत नाही. दोघांचे हात एक झाले की पाय आपोआप एक होतात, आणि मग ताईला आपल्याला दिसत नाही याची आठवणसुद्धा राहायची नाही.

हे सगळं त्या दोघांना शिकवलं शिट्टीबाईंनी. बाईंच्या गळ्यात सदानकदा शिट्टी असायची आणि चहावाल्याला हाक मारायची तरी त्या शिट्टीच वाजवायच्या. "पायांना अक्कल नसते," त्या म्हणायच्या, "ते हातांचं ऐकतात. पाय पुढे टाकला की कंबर वळते, आणि उलट बाजूचा हात तिला परत जागेवर आणतो. तोच हात छातीवर आडवा आला की खांदा वळला, खांद्यामागे कंबर वळली, कंबरेमागे पाऊल वाकडं पडलं. मग तू पुढे पळत नाहीस, पिळा मारलेल्या फडक्यासारखी जागच्या जागी पिळली जातेस." ताईने ते बोलणं इतकं मनावर घेतलं होतं की बसच्या रांगेत उभी असतानासुद्धा तिचे कोपर शिस्तीत असायचे.

त्या वर्षी निवड-शर्यत होती. पहिली येईल ती संघात, आणि संघ परदेशी मोठ्या स्पर्धेला जाणार. जागा एकच. मागच्या खेपेला ताईची ती जागा थोडक्यात गेली होती, आणि पुढची संधी येईपर्यंत ती चाळिशी गाठणार होती. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. हे तिला ठाऊक होतं, धाकट्याला ठाऊक होतं, आणि ऑफिसातल्या शिपायालासुद्धा ठाऊक होतं, कारण ताईने त्यालाही सांगून ठेवलं होतं.

आणि नेमका त्याच वर्षी तिचा हात बिघडला.

पहिल्यांदा ते धाकट्यानेच सांगितलं. सकाळी मैदान रिकामं असताना दोघं पळायचे. उन्हाळ्यापासून धाकट्याने संध्याकाळचा सराव बंदच केला होता. संध्याकाळी पोरीटोरींची फार गर्दी असते, धक्के लागतात, आपण आपलं सकाळीच पळू, असं त्याचं म्हणणं पडलं. एक दिवस फेरी संपवून तो म्हणाला, "ताई, तुझा हात आत येतोय."

"आत म्हणजे?"

"छातीवर. मागे पण पुरता जात नाही. आखडतो."

ताईला खरंतर वेगळंच जाणवत होतं. दोरीला दर पावलाला एक बारीकसा हिसका बसायचा, डावा खांदा पुढे खेचला जायचा आणि तिसऱ्या फेरीत दम तुटायचा. पण हिसका तिच्याच हाताचा आहे, हे तिने मान्य करून टाकलं. करणार नाही तर काय? आपला हात कसा दिसतो हे तिने जन्मात पाहिलं नव्हतं. धाकट्याचे डोळे तेच तिचे डोळे, आणि आपल्याच डोळ्यांवर कोण संशय घेतं? दिसणाऱ्या माणसाने आरशात पाहिलं असतं. तिचा आरसा दोरीच्या पलीकडे होता.

मग ती त्या हाताच्या मागेच लागली. रात्रीची भांडी झाली की स्वयंपाकघराच्या फरशीवर पाय लांब करून बसायची आणि बसल्या बसल्या हात मागेपुढे हलवायची, कोपर बरगडीला घासून जातोय ना, हे चाचपत. काखेत रुमाल धरून हलवायची, रुमाल पडला की पुन्हा पहिल्यापासून. भावजय ओटा पुसता पुसता म्हणायची, "अहो, झोपा आता, हात गळून पडेल." ऑफिसात एका कानाला फोन, त्यात कुणीतरी तिच्या खानदानाला शिव्या घालतंय, आणि टेबलाखाली डावा हात सरळ पुढे, सरळ मागे. खांदा ठणकायला लागला तरी तिने सोडलं नाही. सकाळी दोरी हातात घेतली की तोच हिसका आणि धाकट्याचं तेच वाक्य.

"कमी झालं का रे काल?"

"थोडंसं," तो म्हणायचा, आणि जरा थांबून, "ताई, शरीर आहे. कधीतरी थांबतंच. वाईट वाटून घेऊ नकोस."

त्याचा आवाज इतका मऊ असायचा की ताईला उलट त्याचीच दया यायची. बिचारा आपल्यापायी पहाटे उठतो, दिवसभर लिफ्टच्या विहिरीत लोंबकळतो, आणि आपला हात त्याला साथ देत नाही. मंगळवारी आणि गुरुवारी तर त्याला घरी यायला फारच उशीर व्हायचा. गावातल्या सगळ्या लिफ्ट नेमक्या मंगळवारी आणि गुरुवारीच कशा बिघडतात, हा प्रश्न तिला पडायला हवा होता. पडला नाही. माया असली की माणसाची चौकशी करायची सवयच जाते, आणि ताई तर दिवसभर चौकशांनीच विटलेली.

शेवटी तिने ठरवलं की शिट्टीबाईंना गाठायचं. धाकट्याला सांगायचं नाही. बाई दोन युक्त्या शिकवतील, हात सुधारेल, आणि एक दिवस सकाळी पळता पळता धाकटाच म्हणेल, अगं ताई, हे कसं झालं? या कल्पनेने ती बसमध्ये एकटीच हसली. गुरुवार होता. धाकटा कुठल्याशा रुग्णालयाच्या लिफ्टवर गेलेला.

मैदानाच्या फाटकापाशी तिच्या काठीचा आवाज ऐकूनच बाईंची शिट्टी वाजली.

"अगं, तू? कशी आहेस? गुडघा काय म्हणतोय?"

"गुडघा? गुडघ्याला काय होणार?" ताई म्हणाली. "हाताचं रडगाणं आहे माझं, बाई."

बाईंच्या हाताखाली ढीगभर पोरी. कुणाचा तरी गुडघा आपल्या नावावर चढला असेल, असं ताईला वाटलं. बाईंनी वाकून तिचा गुडघा एकदा दाबून पाहिला, मग म्हणाल्या, "बरं, दाखव हात." ताईने पिशवी खाली ठेवली, काठी मिटली आणि जागेवर उभं राहून हात हलवायला सुरुवात केली. आधी सावकाश, मग शर्यतीच्या लयीत. बाईंनी तिला मागून पाहिलं, बाजूने पाहिलं, खांद्यावर तळवा ठेवून पाहिला.

"कोण म्हणतं आत येतोय?"

"धाकटा."

"त्याचे डोळे तपासून घे मग. हात रुळावरून चालल्यासारखा सरळ जातोय. इतका सरळ तर तुझा पूर्वी पण नव्हता."

ताईला ते खरं वाटेना. दोरीत असताना तसं होतं, मोकळं असताना नाही, असं काहीतरी असेल, असं ती म्हणाली. बाईंनाही ते पटलं. त्यांनी शिट्टी वाजवून एका मुलीला बोलावलं. "ही लवंगी. बुटकी आहे, पण पायात इंजिन आहे. हिला पण दिसत नाही. हिचा गाइड यायला अजून अवकाश आहे. लवंगे, हिच्याबरोबर दोरी धर आणि जागेवर हात हलव. ताई, आधी तू गाइडच्या जागी उभी राहा, मग जागा बदलू."

कोवळ्या, घामेजल्या बोटांनी दोरीची एक गाठ ताईच्या उजव्या हातात दिली. ताईच्या उजव्या हाताला दोरीची सवय नव्हती. बाईंनी टाळ्यांचा ठेका धरला आणि दोघींचे हात सुरू झाले. गाइडने पळणाऱ्याच्या हाताशी आपला हात जुळवायचा असतो, म्हणून ताईने आपला हात सैल सोडला आणि त्या मुलीचा हात नेईल तसा जाऊ दिला.

हात आखूड गेला, मागे पुरता पोचलाच नाही. पुढे येताना छातीकडे वळला आणि वळता वळता त्याने दोरीला एक बारीकसा हिसका दिला.

ताईने आपला हात तसाच चालू ठेवला. हा हात तिच्या ओळखीचा होता. गेले कित्येक महिने रोज सकाळी ती याच हाताशेजारी पळत होती. धाकट्याच्या बोटांत, धाकट्याच्या मनगटात तिने हाच हात ऐकला होता आणि आपला समजून त्याच्यासाठी रात्र-रात्र फरशीवर बसली होती. गाइडचा हात असाच असतो, ज्याच्याबरोबर रोज पळेल त्याच्यासारखा होतो. नुसती सवय बदलत नाही, हाडच वळण घेतं. धाकट्याच्या हाताने दुसरं वळण घेतलं होतं.

"तुझा गाइड कोण गं?" ताईने विचारलं. आवाज तिने तक्रार कक्षातलाच लावला, म्हणून तो कापला नाही.

"दादा आहेत एक. लिफ्टचं काम करतात," लवंगी म्हणाली. तिचे हात चालूच होते. "फार छान आहेत. त्यांच्यामुळेच माझा वेळ इतका कमी झाला. आधी ते त्यांच्या बहिणीबरोबर पळायचे, पण तिचा गुडघा गेला म्हणे. या वर्षी ती थांबतेय. तुम्ही पण पळता का?"

बाईंच्या टाळ्या थांबल्या होत्या. "म्हणजे... तुझा गुडघा..." त्या म्हणाल्या. त्यांनाही हेच सांगण्यात आलं होतं, हे ताईला त्या घोगऱ्या अडखळण्यातून कळलं. तेवढ्यात मागून, फाटकाकडून, एक हाक आली. "लवंगे, चल चल, आज उशीर झाला मला." त्या हाकेत उत्साह होता. सकाळी ताईला उठवताना हा आवाज कसा असतो, ते तिला आठवलं. पावलं जवळ आली आणि एकदम थांबली.

ताईने बोटं दोरीतून सोडवली. तिने काठी उघडली, पिशवी चाचपून उचलली आणि ती चालायला लागली. धाकटा दोनदा "ताई" म्हणाला. बसपर्यंत तिला कुणी सोबत करू नये, एवढंच तिने बाईंना सांगितलं.

घरी स्वयंपाकघरात भावजय भाजी चिरत होती. ताई पाट ओढून भिंतीशी बसली आणि वाट पाहत राहिली. धाकटा आला. चपला काढताना तो नेहमी गुणगुणायचा, आज गुणगुणला नाही.

"सांगणार होतो," तो म्हणाला.

"केव्हा? मी खरोखरच थांबल्यावर?"

"तुला कसं सांगू तेच कळत नव्हतं. ती फार वेगात पळते गं, ताई. अशी मुलगी पुन्हा मिळत नाही. गाइडला पण संघाचा सदरा मिळतो, पदक मिळतं. इतकी वर्षं मी तुझ्या शेजारी पळलो. मलाही एकदा जायचं होतं."

"मग जायचं होतंस की. मी तुला दोरीने बांधून ठेवलं होतं का?"

सुरी चालत होती ती थांबली.

"तुलाही माहीत होतं?" ताईने भावजयीला विचारलं.

"मी यांना म्हटलं होतं, सांगून टाका म्हणून," भावजय म्हणाली. "हेच म्हणाले, ताईला आपणहून थांबावंसं वाटू दे. त्यात तिचा मान राहील."

मान राहील! ताईला रडूही आलं नाही, इतका तिला संताप आला. "तू सोडून गेला असतास तर मी चार दिवस शिव्या घातल्या असत्या आणि दुसरा गाइड शोधला असता," ती धाकट्याला म्हणाली. "पण तू माझा हात खोटा ठरवलास. मला दिसत नाही म्हणून तुला ते जमलं. दिसत असतं तर जमलं नसतं. इथे, याच फरशीवर मी बसायचे, आणि तू आतल्या खोलीत पडून ऐकायचास. तुला झोप तरी कशी लागायची रे?"

"लागायची नाही," धाकटा म्हणाला.

ते खरं असावं. पण त्याचं आता ताईने काय करायचं होतं? केसाने गळा कापतात म्हणतात तसा त्याने तिचा गळा कापला होता, हळूहळू, दया दाखवत, रोज थोडा थोडा. आणि ती रोज मान पुढे करत होती, ती त्याची दया करत.

शर्यत तोंडावर आली होती. नव्या गाइडशी हात जुळायला महिने लागतात, आणि अर्जावर गाइड म्हणून धाकट्याचंच नाव होतं. दोन दिवस दोरीला कुणी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे ताई बूट घालत असताना तो दाराशी येऊन उभा राहिला. "मी तुझ्याबरोबर पळतो," तो म्हणाला. "मनापासून पळतो. लवंगीला मी सांगितलंय. बाई तिला दुसरा गाइड देणार आहेत, तो पळणारा पोस्टमन आहे ना, तो. मला एकदा नीट पळू दे, ताई."

नाही म्हणणं तिच्या हातात होतं. पण नाही म्हटलं तर शर्यतही गेली आणि भाऊही गेला. तिने डावा हात पुढे केला.

त्या उरलेल्या दिवसांत ताईने त्याला सडकून वठणीवर आणलं. बोलणं दोन-तीन शब्दांपुरतंच. "मागे." "लांब." "आत येतोय." तेच शब्द, आता उलट्या दिशेने. आधी हिसका जाता जाईना. मग एका सकाळी, लांबच्या वळणावर, तो गेला. धाकट्याचा हात पूर्वीसारखा लांब आणि सैल मागे गेला, तिच्या हाताबरोबर पुढे आला, आणि दोघांची पावलं एकाच पावलासारखी वाजायला लागली. ताईला इतकं बरं वाटलं की तिला स्वतःचाच राग आला. इतकं सगळं होऊनही तिचं अंग त्याला माफ करून मोकळं झालं होतं, तिला न विचारता.

शर्यतीच्या दिवशी, कुणाला जरासुद्धा दिसू नये म्हणून, पळणाऱ्या सगळ्याजणींच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. ताईला नेहमीप्रमाणे त्याची गंमत वाटली. तिच्या डोळ्यांची कुणाला भीती वाटावी, असं त्यांनी कधी काही केलं नव्हतं. बंदूक वाजली. पहिल्या फेरीत रेटारेटी झाली, धाकट्याने "उजवीकडे जरा, हं, मोकळं" एवढंच सांगून तिला बाहेर काढलं. दुसऱ्या फेरीत तिचा श्वास लयीला लागला. खांदे खाली, कोपर सरळ, कंबर शांत. तिने इतके महिने ज्या हातासाठी जीव काढला होता तो हात आता खरोखरच अप्रतिम चालत होता. मार खाऊन माणूस शहाणा होतो तसा तो झाला होता. शेवटच्या फेरीची घंटा झाली तेव्हा धाकटा म्हणाला, "पुढे कुणी नाही, ताई." आणि तिला वाटलं, आजपर्यंतचं सगळं गेलं खड्ड्यात, हा माझा भाऊ आहे.

शेवटच्या सरळ पट्ट्यावर डावीकडून, धाकट्याच्या पलीकडून, पावलं आली. आखूड, भरभर. लवंगीची पावलं ताईच्या ओळखीची नव्हती, तिचा फक्त हात ओळखीचा होता; पण कोण आलंय ते दोरीनेच सांगितलं. दोरीला हिसका बसला. एकदा, दोनदा, मग पुन्हा. धाकट्याचा हात आखडला आणि छातीकडे वळला, कारण शेजारून जी लय गेली ती त्याच्या हाताला जास्त जवळची होती. ताईचा खांदा वळला, कंबर वळली, एक पाऊल तिरपं पडलं.

"माझ्या हाताने पळ," ती ओरडली.

त्याचा हात लगेच परत आला. दोघं अंग झोकून देऊन पळाले, आणि रेषेवर ताईने छाती पुढे टाकली.

निकाल लगेच लागेना. दोघी इतक्या बरोबर पोचल्या होत्या की पंच फोटो बघत बसले. ताई गुडघ्यावर एक हात टेकून वाकून उभी होती, दुसरा हात अजून दोरीत. धाकटा धापा टाकत होता. "आपणच, ताई," तो म्हणत होता. "मला वाटतं आपणच. जीव तोडून पळालीस." शेवटच्या पट्ट्यावर जे झालं ते दमल्यामुळे झालं असेल, असं ताई स्वतःला सांगत होती. दमल्यावर कुणाचाही हात आखडतो. तिने तसं ठरवूनसुद्धा टाकलं होतं. जागा मिळाली तर ती दोघांची होती, आणि नाही मिळाली तर दोघांची गेली होती. एवढं तरी तिच्याकडे उरलं होतं.

निवेदकाने माइक ठोकून पाहिला आणि लवंगीचं नाव घेतलं.

धाकट्याचा हात वर गेला. मूठ वळून, जिंकलेल्या माणसाचा जातो तसा, सरळ डोक्यावर. आणि दोरीत अडकलेला ताईचा हातही त्याच्याबरोबर वर गेला.

पुढच्याच क्षणी त्याला कळलं. त्याचा श्वास मध्येच अडकलेला तिने ऐकला. पण आता हात खाली घ्यायचीही त्याला लाज वाटली असावी, कारण तो तसाच वर राहिला. स्टँडमधल्या लोकांना ते फार आवडलं. हरलेली बाई दुसरीच्या विजयासाठी हात उंच करून उभी आहे, असं काही त्यांना रोज बघायला मिळत नव्हतं. "बघा मंडळी," निवेदक गहिवरून म्हणाला, "याला म्हणतात खिलाडूपणा." टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि तो बराच वेळ थांबेना.

"ताई," धाकटा हळूच म्हणाला. "ताई, मी मुद्दाम नाही गं."

मुद्दाम केलं असतं तर तिला त्याचा राग धरता आला असता. इतका सरळ, इतका मोकळा तिचा हात आजवर कधी गेला नव्हता, आणि तो तिने उचललेला नव्हता.